क्लचला टर्बो दिसत नाही

अमेरिकेत वायोमिंग किंवा आयडाहोच्या डोंगरांत, मांडीपर्यंतच्या भुसभुशीत बर्फात उभ्या असलेल्या स्नोमोबाइलचं डावीकडचं झाकण उघडून मालकाने खिशातून काळा मार्कर काढला, की समजावं, आज क्लचचं सेटिंग चाललंय. इंजिनाला लागून असलेल्या पुलीच्या चकचकीत ॲल्युमिनियमच्या तबकडीवर तो मध्यापासून कडेपर्यंत एक सरळ रेघ ओढतो. झाकण लावतो, थ्रॉटल पूर्ण दाबून एक चढ मारून येतो आणि पुन्हा झाकण उघडतो. बेल्ट जिथवर चढला तिथवरची शाई घासून गेलेली असते, त्यापुढची तशीच राहते. कडेला बोटभर रेघ शाबूत असेल, तर त्याला कळतं की बेल्टला वर जायला अजून जागा होती आणि तो गेलाच नाही. लाखो रुपये ओतून बनवलेल्या अडीचशे अश्वशक्तीच्या यंत्राचा निकाल असा पाच मिनिटांत शाईवर लागतो.

टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जादा दाबाने हवा कोंबणारं चाक, बसवणाऱ्या मंडळींच्या गप्पा मात्र वेगळ्याच असतात. बूस्ट, म्हणजे टर्बोचा जादा दाब, किती ठेवलास, इंटरकूलर कुठला, पेट्रोल किती ऑक्टेनचं, ताकद मोजणाऱ्या डायनोवर आकडा किती आला. क्लचचा विषय निघतो तो बहुधा बेल्ट तुटल्यावर. डायनोवरचा आकडा इंजिनाचा असतो. त्यातलं बर्फापर्यंत काय पोचणार आणि कधी पोचणार, हे दोन पुल्या आणि एक रबरी बेल्ट ठरवतात. आणि गाडीत टर्बो बसवलाय याचा त्या पुल्यांना पत्ताच नसतो. सेटिंगची सगळी कटकट आणि सगळी मजा इथूनच सुरू होते.

ही रचना आपल्याकडच्या वाचकाला परकी वाटायचं कारण नाही. १९८४ साली आलेली, पुण्याच्या फिरोदियांची कायनेटिक होंडा आठवा. गिअर नाही, क्लचची दांडी नाही. मूठ पिळायची आणि निघायचं. तिच्या, आणि आजच्या कुठल्याही गिअरलेस पेट्रोल स्कूटरच्या डाव्या कव्हरखाली जे असतं, तेच स्नोमोबाइलमध्ये थोराड होऊन बसलेलं आहे. नेदरलँड्सच्या डाफ कंपनीने १९५८ मध्ये याच तत्त्वावरची अख्खी मोटारगाडी लोकांसमोर आणली होती. एक पुली इंजिनाच्या क्रँकवर, दुसरी मागे, मधे व्ही आकाराचा बेल्ट. प्रत्येक पुली म्हणजे समोरासमोर ठेवलेल्या दोन उतरत्या तबकड्या, एक घट्ट बसवलेली आणि एक सरकणारी. तबकड्या जवळ आल्या की बेल्ट कडेकडे चढतो, लांब गेल्या की मध्याकडे उतरतो. सुरुवातीला पुढच्या पुलीत बेल्ट खाली आणि मागच्या पुलीत वर असतो; या अवस्थेत पुढची पुली जवळपास पावणेचार वेळा फिरते तेव्हा मागची एकदा. वेग वाढत जातो तसं हे उलटतं आणि शेवटी मागची पुली इंजिनापेक्षाही जास्त फिरते. स्नोमोबाइलवाले या दोन्ही पुल्यांना क्लचच म्हणतात. पुढचा प्रायमरी, मागचा सेकंडरी. आपणही तसंच म्हणू.

स्कूटरच्या व्हेरिएटरमध्ये गोल रोलर असतात, इथे प्रायमरीत फ्लायवेट असतात: एका टोकाला पिनवर अडकवलेले, पाठीला विशिष्ट वळण दिलेले पोलादी तुकडे, बहुतेक यंत्रांत तीन. पुली फिरू लागली की ते बाहेर फेकले जाऊ पाहतात आणि त्यांची वळणदार पाठ एका रोलरला रेटून सरकती तबकडी बंद करते. प्रत्येकाचं वजन ६०-७० ग्रॅमच्या आसपास. पोलारिसच्या जुन्या फ्लायवेटवर १०-६२, १०-६६ असे आकडे कोरलेले असतात, त्यातला शेवटचा आकडा ग्रॅम. ६५ ग्रॅम म्हणजे फार काही नाही, मुठीत धरलं तर जाणवतं इतकंच. पण ते वजन मध्यापासून ६ सेंटिमीटरवर आहे आणि पुली मिनिटाला ८००० फेरे घेते आहे असं धरून हिशेब केला, तर एकेक तुकडा सुमारे २८० किलोच्या जोराने बाहेर ओढला जात असतो. शिवाय हा जोर फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. फेरे ५ टक्क्यांनी वाढले की जोर १० टक्क्यांहून थोडा जास्तच वाढतो. म्हणून इथे दोन ग्रॅमला किंमत आहे.

या रेट्याला विरोध करते प्रायमरीतली स्प्रिंग. तिच्यावर दोन आकडे असतात, समजा १४०/३३०. पहिला म्हणजे क्लच बेल्टला धरू लागतो त्या क्षणीचा दाब, पाउंडांत; दुसरा पुली पूर्ण बंद होत आली असतानाचा. पहिला आकडा वाढवला की गाडी उशिरा, जास्त आरपीएमला उचलते. दुसरा वाढवला की वरच्या वेगात इंजिन जास्त फिरतं. स्प्रिंग बदलताना लोक बहुतेक वेळा रंग बघतात. रंग कंपनीगणिक बदलतात, आकडे बदलत नाहीत.

मागच्या क्लचचं गणित निराळं. त्यात हेलिक्स नावाचा भाग असतो, ज्यावर तिरक्या उतरणी कोरलेल्या असतात. ट्रॅक, म्हणजे गाडीला पुढे ढकलणारा रबरी पट्टा, खोल बर्फात रुतला, ओझं वाढलं, की सरकती तबकडी जरा फिरते, त्या उतरणीवर चढते आणि बेल्टला जास्त आवळते. बेल्ट मागच्या पुलीत वर सरकतो, म्हणजे गाडी आपोआप खालच्या गिअरवर येते. चढावर मधेच बर्फाचा ढीग आडवा आला आणि तरीही इंजिन दम न सोडता पुढे गेलं, तर ते श्रेय मागच्या क्लचचं. हेलिक्सचा कोन जितका मोठा तितकी गाडी वरच्या गिअरकडे झपाट्याने जाते आणि परतताना आळस करते; कोन लहान ठेवला तर वर जायला वेळ घेते पण परत पटकन येते.

प्रायमरीला फेरे कळतात, सेकंडरीला ओझं. तिसरं काही त्यांना कळत नाही. संगणक नाही, सेन्सर नाही, वायर नाही.

आता या सगळ्या खटाटोपाचं उद्दिष्ट काय? थ्रॉटल पूर्ण दाबल्यावर आरपीएमचा काटा एका आकड्यावर जावा आणि गाडीचा वेग वाढत असताना तो तिथेच ठाण मांडून बसावा. दोन-स्ट्रोक इंजिनाला हे फारच गरजेचं, कारण त्याची ताकद एका अरुंद पट्ट्यात एकवटलेली असते. त्याच्या एक्झॉस्टची फुगीर नळी अशी मापून बनवलेली असते की सिलिंडरमधून बाहेर पडलेली दाबाची लाट तिच्या टोकावरून परतून नेमक्या वेळी पोर्टवर येते आणि निसटू पाहणारं ताजं मिश्रण आत ढकलते. ती वेळ एकाच आरपीएमच्या आसपास जुळते. स्की-डूच्या ८५० सीसी इंजिनाला ती सुमारे ७९०० ला जुळते. काटा ७५०० वर राहिला किंवा ८३०० वर गेला तर तेच इंजिन एकदम मवाळ वाटायला लागतं. त्यात आणखी एक पेच: नळी तापली की आतला ध्वनीचा वेग वाढतो, लाट लवकर परतते आणि तो सोयीचा आकडाच थोडा वर सरकतो. थंड गाडीवर केलेली चाचणी म्हणूनच काही कामाची नसते.

उंचीचा मुद्दा डोंगरात सगळ्यात आधी येतो. बिनटर्बोचं इंजिन दर हजार फुटांना, म्हणजे ३०० मीटरला, सुमारे ३ टक्के ताकद गमावतं. गुलमर्गला जाऊन स्नोमोबाइलवर बसलेल्यांनी हे नकळत अनुभवलेलं आहे. ते ठिकाण सुमारे २६५० मीटरवर आहे, म्हणजे तिथे उभ्या उभ्याच इंजिनाची पाव ताकद गेलेली असते. ताकद गेली की प्रायमरीतली वजनं इंजिनाला जड होतात, काटा खाली बसतो. मग हलकी वजनं घालायची. एक ग्रॅम कमी केलं की शंभर-एक आरपीएम वाढतात, असा ढोबळ हिशेब सगळे धरतात. स्की-डूने तर आपल्या टीआरए क्लचवर बाहेरूनच १ ते ६ आकड्यांचे क्लिकर दिले, एक क्लिक म्हणजे सुमारे २०० आरपीएम. पान्याने तीन नट ढिले करायचे, तिन्ही क्लिकर एकेक घर पुढे न्यायचे, पुन्हा आवळायचे. बोटं गोठलेल्या माणसासाठी याहून दयाळू रचना मी तरी पाहिलेली नाही.

टर्बो आला आणि ही उंचीची रड संपली. ३००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ७० टक्के असतो, १४.७ पीएसआयऐवजी सुमारे १०.२. टर्बोने साडेचार पीएसआय भर घातली की ढोबळमानाने तूट भरून निघाली. स्की-डूने २०२० च्या मॉडेलवर्षात कारखान्यातूनच टर्बो लावलेलं पहिलं दोन-स्ट्रोक स्नोमोबाइल आणलं तेव्हा दावा मोजकाच केला होता: १६५ अश्वशक्ती, ८००० फुटांपर्यंत कायम. बिनटर्बोच्या भावंडाचीही खाली समुद्रसपाटीला ताकद तेवढीच; पण ८००० फुटांवर त्याच्याकडे सव्वाशेच उरत. पोलारिसनेही २०२२ च्या मॉडेलवर्षात आपलं टर्बो उतरवलं, आणि २०२३ ला स्की-डूने १८० अश्वशक्तीची पुढची आवृत्ती दिली. या कारखानी गाड्यांत क्लचचा फारसा जाच नाही. ताकद उंचीप्रमाणे बदलत नाही, म्हणून वजनंही बदलावी लागत नाहीत.

जाच सुरू होतो तो बाहेरून किट बसवल्यावर. त्याच ३००० मीटरवर कुणी ९ पीएसआय बूस्ट ठेवला, तर इंजिनाला मिळणारा दाब १९.२ होतो. समुद्रसपाटीपेक्षा ३० टक्के जास्त, आणि शेजारी उभ्या बिनटर्बो गाडीच्या जवळजवळ दुप्पट. इतका टॉर्क आला म्हणजे जुन्या वजनांनी काम भागणार नाही, काटा सरळ वर पळेल, हे उघड आहे. वजनं जड करायची, इथवर कुणालाही सुचतं. नवखा माणूस इथेच थांबतो.

पण टर्बोची ताकद मागता क्षणी येत नाही. झाडांच्या रांगेपाशी तुम्ही थांबला आहात, वर मोकळा चढ दिसतो आहे. तुम्ही थ्रॉटल दाबता. त्या पहिल्या क्षणी टर्बोचं चाक अजून आळसावलेलं असतं. त्याला मिनिटाला लाखभर फेऱ्यांपर्यंत जायचंय आणि त्यासाठी एक्झॉस्टचा जोर हवा. तोवर तुमच्याकडे आहे ते १०.२ पीएसआयवर श्वास घेणारं साधं इंजिन, आणि समोर वजनं आहेत ती १९ पीएसआयच्या हिशेबाची. फ्लायवेट आपल्या परीने इमानदार आहेत. फेरे वाढले, ते बाहेर फेकले गेले, बेल्ट वर चढला. इंजिनाच्या गळ्यात वरचा गिअर पडला. काटा ६५००-६८०० च्या आसपास अडकतो, नळीची लाट जुळत नाही, एक्झॉस्ट पुरेसा निघत नाही, म्हणून टर्बो फिरत नाही, म्हणून ताकद येत नाही, म्हणून काटा हलत नाही. ट्रॅक मात्र फिरतच असतो. अडीचशे अश्वशक्तीची गाडी जागच्या जागी खड्डा खणून त्यात बसते, आणि मालक फावडं काढतो.

यावर वैतागून वजनं हलकी केली तर दुसरं टोक गाठलं जातं. दाबल्याबरोबर काटा झर्रकन ७९०० ला, मग बूस्ट येतो, टॉर्क उसळतो, हलकी वजनं बेल्ट पुरेशा वेगाने वर चढवू शकत नाहीत आणि काटा ८४००-८५०० वर. दोन-स्ट्रोक असेल तर नळीची जागा मागे सुटली, आवाज वाढला पण ओढ गेली. चार-स्ट्रोक असेल तर लिमिटर ठोके देऊ लागतो. ऐकणाऱ्याला वाटतं काय गाडी ओरडतेय. स्टॉपवॉच वेगळं सांगतं.

यात एक बारीक खोच आहे. टर्बो जागा व्हायला नुसते फेरे पुरत नाहीत, इंजिनावर भारही लागतो. मोकळं फिरणारं इंजिन थोडंच इंधन जाळतं, थोडाच एक्झॉस्ट सोडतं. म्हणजे क्लचने सुरुवातीला भार द्यायला हवा, पण इंजिन बसेल इतका नाही. ही जागा अरुंद आहे आणि ती प्रत्येक टर्बोच्या आकाराप्रमाणे वेगळी. लहान टर्बो लवकर उठतो आणि वर जाऊन धापा टाकतो. मोठा उशिरा उठतो आणि मग आवरत नाही. दुसऱ्याचं क्लच-सेटिंग जसंच्या तसं उतरवून घेणाऱ्यांची फजिती होते ती यामुळे. त्याच्याकडे किती ग्रॅम आहेत हे लोक विचारतात. त्याचा टर्बो केवढा आहे हे विचारत नाहीत.

उपाय असा, की वजन किती याच्याइतकाच ते कुठे आहे याचा विचार करायचा. फ्लायवेट पिनवर झुलतो. सुरुवातीला तो आत मिटलेला असतो, तेव्हा त्याचं टोक मध्यापासून फार लांब नसतं. क्लच बंद होत जातो तसं टोक बाहेर झुकतं, त्याची त्रिज्या वाढते आणि टोकाकडच्या प्रत्येक ग्रॅमचा जोर वाढत जातो. म्हणजे पिनेजवळचं वजन गाडी उचलताना बोलतं, टोकाचं वजन वरच्या वेगात. बाजारात मिळणाऱ्या जुळवणीच्या फ्लायवेटना म्हणूनच तळाला, मधे आणि टोकाला भोकं असतात, त्यांत लहान स्क्रू किंवा चुंबक घालून ग्रॅम सरकवता येतात. यामाहाच्या क्लचमध्ये हेच काम रिव्हेट करतात. भोकात रिव्हेट घालायचा, काढायचा, पोकळ किंवा भरीव घ्यायचा. टर्बोवाल्यांचं साधारण धोरण ठरलेलं: तळ हलका ठेवायचा म्हणजे बूस्ट नसताना इंजिन मोकळं उठेल, आणि मधे व टोकाला भर घालायची म्हणजे टॉर्क उसळेल तेव्हा त्याला तोंड द्यायला कुणी तरी असेल. जणू क्लचला सांगून ठेवलं, की पाहुणा जरा उशिरा येणार आहे.

या खेळात समतोल मात्र राखावाच लागतो. ८००० फेऱ्यांना एकेका ग्रॅमचे सुमारे ४३०० ग्रॅम होतात. तीनपैकी एका फ्लायवेटमध्ये अर्धा ग्रॅम जास्त राहिला, तर दोन किलोंहून जास्त जोर क्रँकच्या टोकाला सेकंदाला १३३ वेळा गरगर फिरवत हिसके देत राहतो. बेअरिंगं काही काळ सोसतात. चांगल्या ट्यूनरच्या पेटीत सोनाराकडे शोभेल असा तराजू असतो तो काही हौस म्हणून नव्हे.

प्रायमरी स्प्रिंगचा पहिला आकडा वाढवून गाडी ३४०० ऐवजी ४००० ला उचलावी, म्हणजे टर्बो आधीच थोडा जागा असेल, असाही एक मार्ग आहे. वायोमिंगमधल्या जॅक्सनच्या स्नो किंग डोंगरावरच्या चढाईच्या शर्यतीत, जिथे पहिला झटका महत्त्वाचा आणि चढाची वाट घासून कडक झालेली, तिथे तो पटतो. ताज्या, हलक्या बर्फात मात्र असला झटका ट्रॅकला तिथल्या तिथे खाली नेतो. मला विचाराल तर फिरायला जाणाऱ्याने उचल हळूच ठेवावी आणि बूस्टची वाट बघण्याचं काम फ्लायवेटच्या आकारावर सोपवावं. पण शर्यतवाले हे ऐकून घेणार नाहीत.

मागच्या क्लचकडे पुष्कळ जण उशिरा वळतात. क्रमही तोच बरा: आधी वजनांनी पूर्ण थ्रॉटलचा आकडा जुळवायचा, मग हेलिक्स आणि मागची स्प्रिंग. थ्रॉटल सोडून पुन्हा दाबल्यावर काटा लगेच जागेवर येतो का, हे बघायचं. येत नसेल तर मागची स्प्रिंग कडक करायची किंवा कोन थोडा कमी. दुहेरी कोनाचे हेलिक्स मिळतात, ४६ अंशांना सुरू होऊन ४० ला संपणारे. सुरुवातीला भार लवकर देतात आणि पुढे पकड वाढवतात. गोठलेल्या तळ्यांवर सरळ रेषेत वेग मोजण्याचा शौक असलेल्या मिनेसोटा-विस्कॉन्सिनकडच्या मंडळींचा हिशेब उलटा. त्यांच्याकडे २०१७ च्या मॉडेलवर्षात आलेली यामाहा आणि आर्क्टिक कॅटची ९९८ सीसी, तीन सिलिंडरची, दोनशेच्या घरातली चार-स्ट्रोक टर्बो इंजिनं. त्यांना एकदाच दाबायचं असतं आणि सोडायचं ते थेट शेवटी. खालच्या गिअरवर परत येण्याची चपळाई त्यांना कशाला हवी? ते मोठे कोन लावतात, आणि तीच गाडी डोंगरात आणली तर पहिल्याच वळणावर मरगळते.

बेल्टबद्दल मात्र दोघांचीही तक्रार एकच. मागचा क्लच टॉर्क वाढला की हेलिक्समुळे आपोआप जास्त आवळतो. पुढच्याला तशी सोय नाही. त्याची पकड मुख्यतः वजनं आणि फेऱ्यांवर. म्हणून टर्बोचा जादा टॉर्क आला की बेल्ट घसरतो तो सहसा पुढे. घसरणं डोळ्यांना दिसत नाही. काटा जागेवर असतो, आवाज छान असतो, वेग मात्र तितका वाढत नाही. कव्हरखाली काळी भुकटी साठते, जळक्या रबराचा वास येतो. इथे इन्फ्रारेड तापमापक कामाला येतो. एक जोरदार चढ मारायचा, इंजिन बंद करायचं, लगेच दोन्ही पुल्यांच्या तबकड्यांवर नेम धरायचा. दोन्ही कोमट, हात टेकवता येईल इतक्या, तर ठीक. पुढची मागच्यापेक्षा बरीच गरम असेल तर पुढे पकड कमी पडतेय, वजन वाढवा. मागची गरम असेल तर मागची स्प्रिंग, हेलिक्स बघा, किंवा दोन पुल्यांमधलं अंतर आणि सरळ रेष मोजून घ्या. टर्बोच्या वेडात इंजिनाचे रबरी माउंट ढिले राहिले आणि टॉर्कने इंजिनच तिरकं ओढलं गेलं, हेही कारण निघतं. तबकडी शंभर अंश सेल्सियसच्या जवळ पोचत असेल तर बेल्टचे दिवस भरलेच समजा. आतले ॲरामिडचे दोर एकदा सुटू लागले की उरलेलं काम काही सेकंदांत होतं, आणि सुटलेला बेल्ट कव्हरखालच्या वायरी, नळ्या, जे सापडेल ते फटकारत जातो.

नवा बेल्ट लावला की पहिले काही किलोमीटर सबुरीने चालवावा, कडाक्याच्या थंडीत तर आधी दोन मिनिटं हळू फिरवून त्याला नरम होऊ द्यावं. एकेका बेल्टची किंमत आपल्याकडच्या स्कूटरच्या चांगल्या टायरजोडीहून जास्त असते, तरी हे करणारे थोडेच.

आता मार्करच्या रेघेतून मिळणारी आणखी एक माहिती. चढावर आरपीएम बरोबर आहे, बेल्ट गरम नाही, तरी शाई अर्ध्यावरच पुसली गेली, तर दोष क्लचचा नाही. मागच्या क्लचकडून ट्रॅककडे ताकद नेणाऱ्या चेनचे दाते जड आहेत. गाडीला त्या चढावर इतका वेग गाठताच येत नाही. बेल्ट दोन्ही पुल्यांत साधारण सारख्या उंचीवर असतो तेव्हा ताकद सगळ्यात कमी वाया जाते. म्हणून दाते बदलून तो त्या मधल्या भागात जास्त वेळ राहील असं करायचं. क्लचमध्ये दहा वेळा हात घालून जे साधत नाही ते कधी कधी एका दातेरी चाकाने साधतं. गॅरेजवाला हे आधी सांगत नाही, कारण क्लचचं तयार किट विकायला असतं. त्या किटांना मी वाईट म्हणणार नाही, सुरुवात म्हणून ती बरी. पण पाकिटावर छापलेली उंची, ट्रॅकची लांबी आणि बूस्ट हे तिन्ही आपल्या गाडीशी जुळले तरच.

चाचणीचा शिस्तीचा भाग कंटाळवाणा आहे आणि तोच निर्णायक आहे. एका वेळी एकच बदल. तोच चढ, तोच बर्फ, तितकीच तापलेली गाडी, टाकीत साधारण तेवढंच पेट्रोल. डोळे काट्यावर ठेवून चढ मारणं धोक्याचं, म्हणून आरपीएम आणि बूस्ट नोंदवणारं लॉगर लावलेलं बरं. घरी बसून दोन रेषा एकमेकींवर ठेवल्या की बूस्ट चढायला लागल्यावर आरपीएम कितीने उसळला ते स्पष्ट दिसतं. ती उसळी शंभर-दीडशेच्या आत आली की बहुतेक ट्यूनर पान्याला विश्रांती देतात.

धोक्याचा उल्लेख आलाच आहे तर दोन गोष्टी. झाकण उघडं ठेवून इंजिन रेस करून बघण्याची सवय अनेकांना असते. २८० किलोने ओढला जाणारा तुकडा पिन तुटून सुटला तर तो कुठे जाईल याचा विचार त्यांनी केलेला नसतो. क्लचचं कव्हर आतल्या भागांपासून आपल्याला वाचवायला असतं, धुळीसाठी नव्हे. दुसरं, टर्बो आल्यापासून गाड्या पूर्वी न जाणाऱ्या उंच, उभ्या उतारांवर सहज जातात, आणि नेमके तेच उतार हिमस्खलनाचे. ट्रान्ससीव्हर, फावडं आणि शोधकाठी पाठीवर हवीच. फावडं तर क्लच चुकीचा लागला तरी लागतंच.

गेल्या काही वर्षांत या सगळ्या प्रश्नाला दुसऱ्या टोकाने भिडण्याची सोय झाली आहे. पूर्वी बूस्ट आवरणारी झडप निव्वळ स्प्रिंगवर चालायची, ठरलेल्या दाबाला उघडायची. बूस्ट यायचा तो धाडकन. आता इलेक्ट्रॉनिक नियंत्रक आरपीएम आणि थ्रॉटल बघून बूस्ट पायरीपायरीने चढवतो. टॉर्कची उसळी सपाट झाली की फ्लायवेटवरची अर्धी जबाबदारी उतरते. कारखानी टर्बो गाड्या इतक्या सालस चालतात त्यामागे मोठा वाटा याचाच आहे. बाहेरचं किट बसवणारे ट्यूनरही आता आधी क्लच एका साध्या, समजुतीच्या सेटिंगवर आणतात आणि मग लॅपटॉप काढून बूस्टचा आलेख त्या क्लचला झेपेल तसा वळवतात. तरीही कुणी तो आलेख ६ पीएसआयवरून ९ वर नेला, की बर्फात झाकण पुन्हा उघडावं लागतं, तीन ग्रॅम टोकाला घालावे लागतात आणि पुढची फेरी मारण्याआधी तबकडीवर नवी रेघ ओढावी लागते.